मुंबईत फिरायचं की शॉपिंग करायची? हे बाजार बघितलेत तर दोन्ही एकाच दिवसात होतं

मुंबईला जायचं ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक ‘बघायच्या ठिकाणांची’. त्यात गेटवे, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग वगैरे. दुसरी ‘घ्यायच्या वस्तूंची’. त्यात लग्नाचा बस्ता, हळदीकुंकवाचं वाण, झुंबर, मसाला, पोरांची खेळणी. मग एक दिवस पहिल्या यादीसाठी आणि एक दिवस दुसऱ्या यादीसाठी काढला जातो आणि दोन्ही दिवस अर्धे ट्रॅफिकमध्ये जातात.

खरं सांगायचं तर जुन्या मुंबईत या दोन याद्या वेगळ्या करायची गरजच नाही. सीएसएमटीला उतरून तुम्ही चालत चालत भेंडी बाजारापर्यंत गेलात, तर वाटेत जी खरेदी होईल तीच मुंबईची सगळ्यात भारी सहल असते. फक्त कुठली गल्ली कशासाठी आणि ती तिथेच का, एवढं माहीत पाहिजे.

सगळं सुरू झालं एका आगीपासून

आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो तिथे खरोखरच किल्ला होता. तटबंदी, खंदक आणि तीन दरवाजे. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. गोरे साहेब आणि देशी व्यापारी दोघंही आतच राहायचे. १७ फेब्रुवारी १८०३ ला किल्ल्यातल्या बाजारात आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला.

या आगीनंतर तटाबाहेरची जागा मोकळी ठेवण्यावर इंग्रजांनी जोर दिला आणि देशी वस्ती त्या मोकळ्या मैदानाच्या पलीकडे वाढत गेली. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी हा सगळा पट्टा त्यातूनच दाट होत गेला. गुजराती, मारवाडी, बोहरी, मेमन, कोकणी मुसलमान, पाठारे प्रभू, सोनार, कासार असे सगळे आपापल्या जातभाईंच्या शेजारी वसले आणि धंदाही तिथेच मांडला. म्हणून आजही इथे एका गल्लीत फक्त तांब्याची भांडी, दुसरीत फक्त दिवे आणि तिसरीत फक्त कापड दिसतं.

पुढे १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतल्या ज्या इमारतींसमोर आपण सेल्फी काढतो, त्यातल्या बऱ्याच या पैशाने आलेल्या भरभराटीच्या काळातल्या किंवा तिच्या पाठोपाठच्या आहेत.

सुरुवात स्टेशनपासूनच करा

सीएसएमटी स्टेशनातून आपण लोकल पकडायला धावतो, म्हणून ते बघायचं राहून जातं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ते बांधायला १८७८ मध्ये घेतलं आणि काम दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. संध्याकाळी दिवे लागल्यावर दोन्ही इमारती एका फ्रेममध्ये येतात, रील काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळालं, तिचं मूळ देऊळ याच बोरीबंदरच्या परिसरात होतं. १८ व्या शतकात इंग्रजांनी ते हलवायला लावलं. सध्याचं देऊळ झवेरी बाजाराला लागून आहे. आपण तिकडेच निघालोय.

क्रॉफर्ड मार्केट: नाव एकाचं, पाटी दुसऱ्याची

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की क्रॉफर्ड मार्केट. वाटेत डाव्या हाताला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार लागतं. ‘जंगल बुक’ लिहिणारा रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये इथेच जन्मला. त्याचे वडील लॉकवूड किपलिंग जे. जे. मध्ये शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं आणि आतलं कारंजं त्यांच्याच हातचं डिझाइन आहे. आत शिरण्याआधी एकदा मान वर करून बघा. इमारत १८६९ ची, आराखडा विल्यम इमर्सनचा. याच इमर्सनने पुढे कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल उभं केलं. भारतात विजेचे दिवे लागलेली पहिली इमारत म्हणून १८८२ सालासाठी याच मार्केटचं नाव घेतलं जातं.

आता हा क्रॉफर्ड कोण? आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. शहर स्वच्छ करण्यासाठी त्याने कामं बरीच केली, पण पैसाही पाण्यासारखा ओतला आणि त्यावरून त्याला जावं लागलं. पुढे तो पुण्याला मोठा अधिकारी झाला आणि १८८८ मध्ये तिथे लाचखोरीच्या प्रकरणात अडकला. इतिहासाच्या पुस्तकातलं ‘क्रॉफर्ड प्रकरण’ ते हेच. साहेबाला पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिलं होतं. नंतर त्यांच्यावरच बालंट येऊ लागलं, तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभे राहिले ते टिळक. आज क्रॉफर्ड मार्केटला लागून जाणाऱ्या रस्त्याचं नाव काय आहे माहितीये? लोकमान्य टिळक मार्ग.

मार्केटचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. यातही गंमत आहे. पुण्याच्या मंडईलाही फुल्यांचंच नाव आहे आणि पुण्याची ती मंडई बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांमध्ये खुद्द जोतिबा होते!

इथे घ्यायचं काय? फळं, सुकामेवा, केक-चॉकलेट बनवायचं सामान, मसाले. बाहेरच्या गल्ल्यांत पार्टीचं सामान, गिफ्टचे कागद, प्लास्टिकचे डबे. संक्रांतीच्या आधी बायका घोळक्याने इथे येतात ते वाण लुटायच्या वस्तू डझनाने घ्यायला. एक नग मागितलात तर दुकानदार तोंड वाकडं करतो, सहा मागितले की त्याचा आवाज मऊ होतो. दमलात तर समोर बादशाहचा फालुदा आहे, दुकान १९०५ पासूनचं.

एक गल्ली, एक धंदा

क्रॉफर्ड मार्केटसमोरून शेख मेमन स्ट्रीटला वळलात की खरा बाजार सुरू. तोंडाशीच मंगळदास मार्केट. छपराखालच्या अरुंद बोळांत कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले असतात. ड्रेस मटेरियल, अस्तर, खण, ब्रोकेड. फॅशन डिझाइनरचे मदतनीस इथूनच कापड उचलतात आणि तेच कापड आपल्याला बुटीकमध्ये दामदुप्पट भावात दिसतं. कापड मीटरने घ्यायचं असेल तर आधी पन्हा विचारा. भाव स्वस्त वाटतो आणि पन्हा अरुंद निघतो, हा इथला जुना खेळ आहे.

जवळच लोहार चाळ. नावात लोहार असले तरी आता तिथे दिवे, पंखे, वायरी आणि झुंबरं. दिवाळीच्या आधी दोन आठवडे तिथे पाय ठेवायला जागा नसते. अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरी, खेळणी, बॅगा. तांबा काट्याला तांब्या-पितळेची भांडी, अजूनही वजनावर.

मंगळदासशेजारची जामा मशीद न चुकता बघावी अशी. १८०२ मध्ये बांधून पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर, दगडी कमानींच्या आधारावर उभी आहे. तलाव अजूनही खाली आहे, पाण्यासकट. नमाजाची वेळ सोडून, कपड्यांचं भान ठेवून आणि दारावर विचारून आत जा.

मशिदीचा विषय निघालाच आहे तर ‘मस्जिद’ स्टेशनबद्दल सांगायलाच हवं, कारण भल्याभल्या मुंबईकरांना हे ठाऊक नसतं. या स्टेशनाला नाव मिळालं ते ज्यूंच्या प्रार्थनाघरावरून असं सांगतात. कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. लोक त्यालाही ‘मशीद’च म्हणायचे. ‘शार हारहमीम’ हे ते मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग. शेजारच्या सॅम्युएल स्ट्रीटलाही दिवेकरांचंच नाव. म्हणजे मुसलमान वस्तीतल्या स्टेशनाला ‘मशीद’ हे नाव एका मराठी ज्यूमुळे मिळालं.

झवेरी बाजार

शेख मेमन स्ट्रीटवरच पुढे सोन्याची दुकानं सुरू होतात. बाहेर चकाचक काचा असतात, पण खरा बाजार वरच्या मजल्यांवर असतो. लाकडी जिने चढून गेलं की लहान लहान खोल्यांत कारागीर मान खाली घालून बसलेले दिसतात. त्यातले बरेचसे पश्चिम बंगालमधून आलेले. कामाची जागा तीच, झोपायची जागाही पुष्कळदा तीच.

रात्री उशिरा किंवा पहाटे या गल्ल्यांतली धूळ झाडून नेणारे लोक दिसतील. ते सफाई कर्मचारी नव्हेत. दुकानांच्या दारातल्या मातीत, गटारात सोन्याचे कण सांडलेले असतात. ती माती धुऊन, गाळून त्यातून सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा.

या बाजाराने भोगलंही आहे. १९९३, २००३ आणि २०११ अशा तीनदा इथे बॉम्बस्फोट झाले. तिन्ही वेळा बाजार पुन्हा उघडला.

सोनं घ्यायचं असेल तर दोनच गोष्टी. एक, दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकून दुकानातच तपासा, लाजू नका. दोन, सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर.

इथून दोन पावलांवर मुंबादेवी. देवीला तोंड नाही असं लहानपणी ऐकलं असेल. मूर्तीचा चेहरा शेंदरी आहे, मुखाचा आकार नाही. आई या शहराकडे नुसती बघते, बोलत नाही, असं इथले म्हातारे म्हणतात.

काळबादेवीतून जाताना कॉटन एक्स्चेंजची इमारतही बघून ठेवा. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर इथे लोक पैज लावायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ते बंद केलं, तेव्हा लोकांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली. मटका हा शब्द तिथून आला.

भुलेश्वर आणि कुत्र्यांसाठी झालेली दंगल

भुलेश्वरात देवळं किती आहेत हे मोजायच्या भानगडीत पडू नका. देवाचे कपडे, पूजेचं सामान, तोरणं, खोटे दागिने, नवरीच्या बांगड्या सगळं इथे. खोट्या दागिन्यांत मोत्याचे तन्मणी, ठुशी, नथ यांची निवड मोठी आहे आणि भाव दादरच्या निम्म्यावर येऊ शकतो, फक्त दोन-चार दुकानं फिरायची तयारी हवी.

याच गर्दीत एक फाटक आहे आणि आत शेकडो गाई. हा पांजरापोळ. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला. पारशांना कुत्रा पवित्र, त्यामुळे त्यांनी शिपायांना अडवलं, दुकानं बंद केली, दंगल झाली. जैन-हिंदूही त्यांच्यासोबत उतरले. शेवटी जमशेटजी जीजीभाईंनी पुढाकार घेऊन १८३४ मध्ये जनावरांसाठी ही जागा केली. आजूबाजूला जमिनीचा भाव काय आहे ते बघा आणि मग ही गोशाळा बघा. दक्षिण मुंबईत याहून आश्चर्याची जागा मला तरी सांगता येणार नाही.

चोर बाजार: जाताना घाई, घेताना सबुरी

भेंडी बाजाराकडे जाताना महंमद अली रोड लागतो. रमजानच्या रात्री मिनारा मशिदीखाली मालपुवा आणि फिरनी खायला अख्खी मुंबई येते, तो हा रस्ता. भेंडी बाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून आलं की इंग्रजांच्या ‘बिहाइंड द बझार’चा अपभ्रंश, यावर वाद आहे. पण या नावाचं एक गाण्याचं घराणंही आहे, हे नक्की. उत्तर प्रदेशातून आलेले तीन खाँसाहेब बंधू १९ व्या शतकाच्या शेवटी इथे राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचं नाव मिळालं. लता मंगेशकर याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे शिकल्या.

चोर बाजार म्हणजे मुख्यतः मटन स्ट्रीट. जुनी घड्याळं, ग्रामोफोन, जहाजांचे दिवे, हिंदी सिनेमांची पोस्टर्स, पोर्सेलीनच्या बरण्या. शुक्रवारी ही दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे बूट, नळ, मोबाइलचे सुटे भाग, काहीही. ‘शोर बाजार’चं ‘चोर बाजार’ झालं ही गोष्ट दुकानदार हौसेने सांगतात. ऐकून घ्या, भाव मात्र त्यावरून ठरवू नका. इथली ‘शंभर वर्षं जुनी’ वस्तू बऱ्याचदा मागच्या महिन्यात बनलेली असते. आवडली तर शोभेची म्हणून घ्या, जुनी म्हणून नको. आणि खरंच शंभर वर्षांची निघाली तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगा.

लागूनच तुम्हाला उंच नवे टॉवर दिसतील. भेंडी बाजाराच्या साडेसोळा एकरांत सुमारे २५० जुन्या इमारती पाडून नवी वस्ती उभारायचं काम बोहरी समाजाच्या ट्रस्टने हाती घेतलंय. तीन हजारांवर कुटुंबं आणि बाराशेच्या वर दुकानं यात आहेत. ‘जुनी मुंबई संपली’ अशा पोस्ट यावर नेहमी दिसतात. पण ३१ ऑगस्ट २०१७ ला इथलीच हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली, हे त्या पोस्टमध्ये नसतं. सुंदर लाकडी गॅलरीचा फोटो काढणाऱ्याला रात्री त्या गॅलरीखाली झोपायचं नसतं. खरा प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावरच उघडणारी आठ बाय दहाची दुकानं नव्या इमारतीत गेल्यावर तसाच धंदा करू शकतील का? एका गल्लीत एकाच मालाची चाळीस दुकानं असणं हीच या बाजाराची ताकद. ती ताकद नव्या जागेत टिकते का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल.

कुलाबा, गेटवे वगैरे

याबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल, म्हणून थोडक्यात. गेटवे पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण, पण खुला झाला थेट ४ डिसेंबर १९२४ ला. राजा आला तेव्हा कमान नव्हतीच. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून परत गेली. घारापुरीच्या बोटी इथूनच सुटतात, मात्र सोमवारी लेणी बंद. कुलाबा कॉजवे आणि फॅशन स्ट्रीटवर दुकानदार जो भाव सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

मराठी लग्नाचा बस्ता म्हणजे दादर

दादर वसलं ते प्लेगमुळे. १८९६ च्या साथीनंतर दाटीवाटीची मुंबई मोकळी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि दादर-माटुंग्याला आखीव रस्त्यांच्या वसाहती झाल्या. मराठी मध्यमवर्ग इथे आला आणि त्याच्यामागून त्याचा बाजार. पैठणी, शालू, मुंडावळ्या, रुखवत, कोकम आगळ, मराठी पुस्तकं हे सगळं स्टेशनच्या पश्चिमेला चालत दहा मिनिटांत. फूलबाजार बघायचा तर सूर्य उगवायच्या आत पोहोचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे ढीग पुलावरून बघण्यासारखे असतात, पण पुलावर थांबू नका, गर्दी थांबू देत नाही.

मॉलच्या आवारातली चिमणी

लोअर परळचा फिनिक्स मॉल सगळ्यांना माहीत आहे. नावातलं फिनिक्स म्हणजे फिनिक्स मिल, १९०५ ची. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी ऑफिसं, टॉवर आणि मॉल आले. फिनिक्सच्या आवारात गिरणीची उंच चिमणी अजून उभी आहे. आजोबा कोकणातून किंवा साताऱ्याहून येऊन गिरणीत लागले होते, असं तुमच्या घरी कोणी सांगत असेल, तर एसीतून बाहेर येऊन ती चिमणी बघा.

तिथून लालबाग जवळच. गिरण्या गेल्या, पण कामगारांच्या स्वयंपाकघरासाठी वाढलेला बाजार टिकला. चिवडा गल्लीत ताजा चिवडा आणि मिरची गल्लीत बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी मिरच्यांची पोती. घरचं प्रमाण कागदावर लिहून न्या. धणे, खसखस, दगडफूल सगळं तोलून, समोर भाजून, डंकावर कुटून मिळतं. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये रांगा लागतात, नंबर यायला दोन-तीन तास सहज जातात. मसाला गार झाल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधू नका, आणि रुमाल जवळ ठेवा, गल्लीच्या तोंडापासूनच शिंका सुरू होतात.

जाण्याआधी एवढं बघा: रविवारी घाऊक बाजाराच्या बहुतेक गल्ल्या बंद असतात. दुकानं साधारण अकरानंतर नीट उघडतात, त्यामुळे सकाळ स्टेशन आणि इमारती बघण्यात घालवा. गाडी घेऊन तर जाऊच नका. सीएसएमटी, मस्जिद, मरीन लाइन्स ही तिन्ही लोकल स्टेशनं चालण्याच्या अंतरावर आहेत आणि भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्थानकही २०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय. हातगाडीवाले मागून “बाजू, बाजू” ओरडत येतात. त्यांच्याकडे ब्रेक नसतो, बाजूला तुम्हीच व्हायचं.